वाचल्याबिगर सही

कादर सर रेल्वेच्या तिकिटाची मागची बाजू वाचायचे. मूर्तिजापूरहून अकोल्याला गाडी पाऊण तासात येते. तेवढ्या वेळात बाकीचे लोक डुलकी काढतात, शेंगा फोडतात नाही तर सरकारला शिव्या देतात. कादर सर कधी अकोल्याला निघाले की खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्याला लावायचे आणि तिकिटाच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांत शिरायचे. एकदा मी विचारलं, "दर वेळी तेच तर छापलेलं असतं. अजून काय राहिलं वाचायचं?" भिंग न काढताच ते म्हणाले, "मास्तर, हा रेल्वेचा आन् माहा करार आहे. समोरच्यानं काय कबूल केलं ते तं पाहू द्या."

ते भिंग त्यांच्या वडिलांचं. मूर्तिजापूरच्या जुन्या वस्तीत वडिलांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, मागे राहायच्या दोन खोल्या. वडील गेले, दुकानाच्या फळ्या कायमच्या लागल्या, भिंग तेवढं सरांच्या खिशात आलं. सरांनी अमरावतीला राहून वकिलीची परीक्षा पास केली होती, पण कोर्टात एक दिवस उभे राहिले नाहीत. का, याबद्दल आमच्या स्टाफरूममध्ये बरीच मतं होती. त्यांचं स्वतःचं मत असं, की कोर्टात खरं बोलायला तारखेची वाट पाहावी लागते, वर्गात घंटा झाली की बोलता येतं.

मूर्तिजापूरच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात बारावीला 'कायदा' हा ऐच्छिक विषय होता. घेणारी पंधरा-वीस मुलं, शिकवणारे एकटे कादर सर. प्राचार्यांना या विषयाचा फार अभिमान. 'असा विषय आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे' हे वाक्य ते सफारीचं वरचं बटण लावून प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. कादर सरांना वर्गखोली मात्र त्यांनी दिली नव्हती. तास प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात भरायचा.

वर्षाच्या पहिल्या दिवशी सर एक कागद वर्गात फिरवायचे. वर 'हजेरी' असं ठळक अक्षरात, खाली नावं आणि सह्यांच्या रेघा. मुलं सह्या ठोकून कागद पुढे सरकवायची. कागद परत आला की सर भिंग लावून शीर्षकाखालची मुंगीएवढी ओळ मोठ्यानं वाचायचे: 'खाली सही करणारा महिनाभर रोज हा व्हरांडा झाडील.' मुलं ओरडायची. सर शांतपणे विचारायचे, "वाचलं का? नाही? मंग सही काहून केली?" आणि खरोखर महिनाभर झाडून घ्यायचे. त्यावरून मुलांनी त्यांचं नावच 'वाचलंका सर' ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि बहुधा आवडतही होतं.

हा प्रयोग त्यांनी एकदा प्राचार्यांवरही केला. त्या वर्षांत वऱ्हाडात पाहुणे फार यायचे. शेती बसली होती, आणि ती कशी बसली हे पाहायला दिल्लीची, मुंबईची माणसं गाड्या भरून येत. येता येता आमच्या कॉलेजातही थांबत, कारण आमच्याकडे सभागृह होतं आणि प्राचार्यांकडे भाषण. असल्या एका सभेच्या आदल्या दिवशी सरांनी स्टाफरूममध्ये एक सूचना सह्यांसाठी फिरवली. सगळ्यांनी सह्या केल्या, सगळ्यांत वर प्राचार्यांची, हिरव्या शाईत. दुसऱ्या दिवशी प्राचार्य माइकपाशी गेले तेव्हा सरांनी तो कागद अदबीनं त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यात लिहिलं होतं की खाली सही करणारी व्यक्ती उद्याच्या सभेत दहा मिनिटांहून जास्त बोलणार नाही. प्राचार्य पन्नास मिनिटं बोलले. पण अकराव्या मिनिटाला ते एकदा कागदाकडे पाहून अडखळले, आणि आम्ही त्यावर वर्षभर जगलो.

ती सूचना फिरली त्या दिवशी मी रजेवर होतो. मी असतो तर वाचून पाहिलं असतं, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. कादर सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "असंन बाप्पा. तुमी शिकेल माणूस."

परीक्षेची तयारी हा त्यांचा खरा हंगाम. जानेवारी लागला की बाकीचे आम्ही अपेक्षित प्रश्नांचे संच काढून मुलांकडून घोटून घ्यायचो. इंग्रजीचा मास्तर म्हणून मी त्यात तरबेज होतो. माझी मुलं पाठ केलेला निबंध विषय कोणताही आला तरी त्यात बसवायची. सरांना संच मान्य नव्हते. ते सांगायचे, "उद्यापासून परत्येकानं घरातून एक कागद आणा लागते. घरातला. पुस्तकातला नाही."

मग काय काय यायचं. लग्नाच्या बँडवाल्याची पावती, भाड्याच्या खोलीचा करारनामा, सायकलीचं गॅरंटी कार्ड. त्या कागदावर सर अख्खा अभ्यासक्रम चढवायचे. प्रस्ताव कुणी दिला, स्वीकृती कुणाची, प्रतिफल काय, अट कुठं लपली. एका मुलानं कपाशीच्या बियाण्याचं रिकामं पाकीट आणलं. सरांनी त्याच्या हातात भिंग दिलं आणि पाकिटाची मागची बाजू वाचायला लावली. मुलगा अडखळत वाचू लागला. बियाणं उगवलं नाही तर कंपनीची जबाबदारी पाकिटाच्या किमतीपुरती, असा काहीसा मजकूर होता. बाजूचा एक जण म्हणाला, "सर, हे तं माह्या बापानं कधीच वाचलं नाही." सर म्हणाले, "त्याले भिंग कोणी देल्लं होतं?" त्या दिवशी व्हरांड्यात कुणी हसलं नाही.

वर्षा नावाची एक मुलगी दोन आठवडे कागद आणत नव्हती. गावाला लागून त्यांचा मळा होता, झेंडू, मेथी, वांगी. वडील चार वर्षांपूर्वी वारले, मळा मोठा भाऊ गजानन पाहायचा. ती पहाटे फुलं तोडून, हात धुऊन, कॉलेजात यायची, तरी तिच्या वहीला झेंडूचा वास यायचा.

"कावून वं, तुह्या घरी कागद नाही?" सरांनी विचारलं.

"सातबारा आहे सर. दादाच्या पेटीत."

"त्याच्यावर तुह्यं नाव आहे?"

"मले काय माईत."

"मंग तलाठ्याकडे जाय. नक्कल माग. कोणालेही मागता येते."

ती गेली. दोन चकरा मारल्यावर नक्कल मिळाली. व्हरांड्यात उभी राहून तिनं ती वाचून दाखवली. आईचं नाव, भावाचं नाव आणि तिसरं नाव वर्षा. वाचताना ती थांबली आणि हसली. "सर, मी होतीच त्याच्यात," ती म्हणाली. "एवढे दिवस होती आन् मलेच माईत नव्हतं."

सरांनी तिला वारसाहक्काचा धडा त्या एका कागदावर शिकवला. आणि एक गोष्ट जास्तीची सांगितली, जी अभ्यासक्रमात नव्हती. "तू मार्चात अठराची होते. आतापावतर तुह्या सहीले किंमत नव्हती. आता येईन. म्हणून आता लोक तुह्यापाशी कागद घेऊन येतीन. हक्कसोडपत्र म्हणतेत त्याले. बहीण आपला हिस्सा भावाले सोडून देते, भाऊ तिले लुगडं नेसवते, सगळे जेवतेत. लय जुनी रीत आहे. सोडायचं का नाही ते तू ठरव. पण सोडशीन तं काहीतरी घेऊन सोड."

तिला काय घ्यायचं होतं ते ठरलेलं होतं. तिला अमरावतीला जाऊन पाच वर्षांचा वकिलीचा अभ्यासक्रम करायचा होता. गजाननचं म्हणणं, बारावी झाली की लग्न. तो वाईट माणूस नव्हता. उन्हानं करपलेला, सव्वीस वर्षांचा, लवकर बाप झाल्यासारखा दिसणारा. पण बहिणीला अमरावतीला ठेवायचं, तेही कायदा शिकायला, हे त्याच्या डोक्यात बसत नव्हतं. वर्षानं सरांचा धडा घरी नेला. भावाला म्हणाली, "अमरावतीचा फॉर्म भर, मंग सहीचं पाहू." भाऊ चिडला, आठवडाभर बोलला नाही, आणि मग एक दिवस म्हणाला, "पाहू."

हे सगळं मला माहीत होतं. प्रवेशपरीक्षेच्या इंग्रजीसाठी ती मधल्या सुट्टीत माझ्याकडे यायची. तिनंच सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, "वा, चांगला सौदा केलास." ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणायचा मोह मला अनेकदा झाला.

कायद्याचा पेपर त्या वर्षी सगळ्यांत शेवटी होता. ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाच्या शिक्षकानं केंद्रावर थांबायचं नाही, असा नियम आहे. केंद्रापासून शंभर मीटरात बाहेरच्या माणसानं फिरकायचं नाही, हा दुसरा. बाकीचे शिक्षक अशा दिवशी केंद्राच्या फाटकापाशी चहा पीत उभे राहत. कादर सरांनी फाटकापासून पावलं मोजली. एक पाऊल म्हणजे किती, हे त्यांनी घरून पट्टीनं मोजून आणलं होतं. शंभर मीटर भरले तिथं एक सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदाराला त्यांनी सांगितलं, "तुह्यं दुकान कायद्याच्या बाहेर आहे. मी इथं बसू शकतो." आणि तीन तास ते एका उलट्या टोपल्यावर बसून राहिले. मुलं पेपरला जाताना त्यांना सलाम करत होती. सर प्रत्येकाला एवढंच म्हणत होते, "प्रश्न दोन वेळा वाचजा."

मी पर्यवेक्षक होतो. प्रश्नपत्रिका वाटता वाटता मी ती वाचली. मुक्त संमती म्हणजे काय आणि ती कशाकशामुळे दूषित होते, असा मोठा प्रश्न होता. कादर सरांच्या पोट्ट्यांना हे झोपेत येईल, म्हणून मला बरं वाटलं. वर्षानं तीनदा पुरवणी मागितली. तिसरी बांधताना तिच्या बोटांना शाई लागली होती.

दोनला पेपर सुटला. मी उत्तरपत्रिका जमा केल्या. मला अकोल्याला घरी जायला तीनची गाडी पकडायची होती. मागच्या फाटकानं स्टेशन जवळ, म्हणून मी मागून निघालो. तिथं गजानन मोटरसायकल घेऊन उभा होता, मागे वर्षा बसलेली.

"सर, बरं झालं भेटले," तो म्हणाला. "विहिरीचं काम आहे. मंजूर व्हाले आली. ओळखीचा एक साक्षीदार पाह्यजे. तुमी वाटेवरच आहात नं. दोन मिनटं."

रजिस्ट्रीचं ऑफिस खरंच वाटेवर होतं. बाहेर कडुनिंबाखाली कागद लिहिणाऱ्यांची टेबलं. एकानं कागदांचा गठ्ठा शेवटच्या पानावर उघडून, वरची पानं अंगठ्याखाली दाबून माझ्यासमोर धरला. "इथं, सर. आन् इथं." नियमाप्रमाणे आधी पक्षकाराची सही, मग साक्षीदाराची. हे मला पुढे कळलं. मी खिशातून पेन काढलं आणि सही केली, दोन ठिकाणी, इंग्रजीत, वळणदार.

मग कागद वर्षापुढे गेला. तिनं वरची पानं चाळायला हात घातला. लिहिणारा म्हणाला, "ताई, साहेब उठतीन आता." तिनं माझ्याकडे पाहिलं. "सर?" एवढंच म्हणाली.

मी म्हणालो, "कर ना गं. गाडी जाईल माझी."

तिनं सही केली. आत साहेबांनी मान वर न करता मला विचारलं, "ओळखता यांना?" मी म्हणालो, "विद्यार्थिनी आहे माझी." तिला विचारलं, "राजीखुशीनं करता ना?" ती काय म्हणाली ते मी ऐकलं नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो. गाडी मिळाली.

तेव्हा कादर सर पुढच्या फाटकापासून बरोबर शंभर मीटरवर, टोपल्यावर बसून तिची वाट पाहत होते. ती पुढून आलीच नाही.

तिसऱ्या दिवशी ते अकोल्याला माझ्या घरी आले. चहा घेतला नाही. खाली बसले आणि मला विचारलं, "मास्तर, मी रजिस्ट्रीतून वर्षाच्या कागदाची नक्कल काढली. त्या कागदावर तुमची सही आहे. वाचलं का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तोच प्रश्न, तोच स्वर, व्हरांडा झाडायला लावतानाचा. मी विहिरीचं सांगितलं, गाडीच्या घाईचंही. ते म्हणाले, "विहिरीचंच आहे. सातबाऱ्यावर एकच नाव असलं की मंजुरी लवकर भेटते, म्हणून पोट्टीचं नाव काढलं. हक्कसोडपत्र होतं ते." मग म्हणाले, "तुमची सही पाहून तिनं केली. मास्तरनं केली म्हणजे वाचूनच केली असंन. अनुचित प्रभाव म्हणतेत याले. त्याच दिवशी पेपरात लिहून आली ती."

"आता काही करता येईल?"

"येते. कोर्टात जाता येते. तिनं भावाच्या इरोधात उभं राहा लागते. आन् तुमी सांगा लागते, का मी न वाचता सही केली आन् तिले घाई केली. सांगसान?"

मी म्हणालो, "बघू."

आयुष्यात मी बरेच मूर्ख शब्द बोललो असेन, पण हा एक मला तारीखवार आठवतो. सर उठले. जाताना म्हणाले, "माहीही चूक आहे. नियम पाळत बसलो. मागच्या फाटकाले शंभर मीटर मोजलेच नाही."

मग ते वर्षाच्या घरी गेले. ती ओट्यावर हार गुंफत होती. ती म्हणाली, "माह्याच मर्जीनं केली सर. दादाशी कोर्टात भांडून मंग मी दिवाळीले कुठं जाऊ?" सर परत येऊन मला एवढंच म्हणाले, "कागदात जे वाक्य लिहिलं आहे, तेच बोलली." वर्षा त्या वर्षी कायद्यात वर्गात पहिली आली. प्राचार्यांनी तिचा फोटो सूचना फलकावर लावला. अमरावतीचा फॉर्म भरला गेला नाही. मे महिन्यात बार्शीटाकळीला तिचं लग्न झालं. विहीर मंजूर झाली, तिला पाणीही चांगलं लागलं, असं ऐकतो.

दोन वर्षांनी मुलं मिळेनात म्हणून कायदा विषय बंद झाला. सर खालच्या वर्गांना नागरिकशास्त्र शिकवू लागले. आमचं बोलणं चालू होतं, पण एक फरक पडला. त्यानंतर स्टाफरूममध्ये कोणताही कागद सह्यांसाठी माझ्याकडे आला की ते हातातलं काम ठेवून माझ्याकडे पाहत. मी वाचायचो, पहिल्या ओळीपासून, फिनेलच्या खरेदीचं पत्र असलं तरी.

वर्षा मला एकदाच दिसली, अकोल्याच्या बसस्टँडवर. कडेवर मूल, शेजारी नवरा. "हे आमचे इंग्लिशचे सर," तिनं ओळख करून दिली. नवरा पाया पडायला वाकला. मी तिला काही विचारावं म्हणून शब्द शोधत होतो. तेवढ्यात तीच म्हणाली, "बरं सर, जा तुमी. गाडी असंन तुमची." ती ते साधं, काळजीनं म्हणाली की आणखी कसं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

कादर सर निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांचा फोन आला. "येता का? एक सही पाह्यजे."

मी मूर्तिजापूरला गेलो. दुकानाच्या फळ्या काढलेल्या होत्या, आत उजेड होता. सर खाटेवर बसले होते. डोळे गेलेच होते जवळपास. एकाचं ऑपरेशन उशिरा झालं, दुसऱ्याचा उपयोग नव्हता. भिंतीला टेकून त्यांची मोठी बहीण बसली होती, पांढरी ओढणी, हातात जपाची तसबीह. तिला सगळे आपा म्हणत. टेबलावर टाइप केलेले कागद होते.

"बक्षीसपत्र आहे," सर म्हणाले. "ही दुकानाची खोली आपाची करून राहिलो. अब्बा गेले तेव्हा हिचा हिस्सा होता याच्यात. मी बाविसाचा होतो, वकिली शिकून राहिलो होतो. हिनं माह्या पुस्तकावर कागद ठेवून मले सही करून देल्ली. वाचलाबी नाही. मीही म्हटलं नाही, का वाच म्हणून."

आपा म्हणाली, "अब इस उमर में मैं दुकान का क्या करूँ, भाई?"

"वो बाद में देखना," सर म्हणाले.

इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होतो, आणि 'वाचलं का' हा प्रश्न ते कुणाला विचारत होते ते मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी उशाखालून भिंग काढलं, सवयीनं डोळ्यापर्यंत नेलं, आणि मग माझ्या दिशेनं पुढे केलं. "मले दिसत नाही आता. वाचल्याबिगर सही मी करत नाही, तुमाले माईत आहे. तुमी वाचा. तुमी वाचलं की मी करतो."

मी विचारलं, "मीच का, सर?"

"तुमी आता वाचता," ते म्हणाले.

मी भिंग लावलं नाही, अक्षर मोठं होतं. पण ते हातात धरून ठेवलं. शीर्षकापासून सुरुवात केली. चतुःसीमा वाचल्या, पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक. सर डोळे मिटून ऐकत होते, स्वल्पविरामाला बोट हलत होतं. पान उलटलं. 'सदर बक्षीसपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, समजून उमजून...'

त्यांनी हात वर केला. "थांबा. हे पुन्हा एकदा वाचा. सावकाश." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आपा, सुनो."

आपानं तसबीह मांडीवर ठेवली. मी ती ओळ पुन्हा वाचू लागलो.